एकदाच घालायचं पाणी

विलेपार्ले (पूर्व),
१२ फेब्रुवारी २०२४

हिल्डाबाई,

पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं ते सगळं लिहिलं आहे असं समजा. तुम्हाला फोन केला की तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि मेसेज केला तर तो आधी ब्रेंडन वाचतो, कारण तुमचा मोबाईल तोच चालवतो. विहिणींनी एकमेकींना काय म्हणायचं ते जावयाने वाचावं हे मला पसंत नाही. म्हणून हा कागद. मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे अक्षर फळ्यावरचं आहे, वाचायला जड जाणार नाही.

शुक्रवारी गंधालीने पवईच्या ऑफिसातून फोन केला आणि भाजीत मीठ जरा जास्त पडलं आहे अशा आवाजात सांगितलं की ईस्टरनंतरच्या रविवारी गोराईच्या चर्चमध्ये ऋताचा स्नानसंस्कार ठरला आहे. माझी लेक तुमच्या घरात आली तेव्हा लग्न कोर्टात झालं होतं, हे तुम्हाला आठवत असेल. मुलांवर कुणाचाही शिक्का मारायचा नाही असं तेव्हा चौघांसमोर बोलणं झालं होतं. मी नातवंडांची मुंजीसारखी कसलीही नाटकं करणार नाही म्हणाले, आणि तुम्ही मान हलवली होतीत. यंत्र तेव्हाही शिट्टी मारत होतं की काय, कोण जाणे.

आता मला एवढंच सांगा, त्या पोरीने पाप कोणतं केलं आहे? ती दूध ओकते आणि माझा चष्मा ओढते. याला धुऊन काढायला फादर लागतो? पाण्यात साधं तेल विरघळत नाही, पाप कुठून विरघळणार? तुमच्या बहिणीने यात्रेच्या सहलीहून आणलेली जॉर्डन नदीच्या पाण्याची बाटली तुम्ही या कामासाठी राखून ठेवली आहे हेही मला ठाऊक आहे. गेल्या खेपेला तुमच्या फ्रिजमध्ये भेंडीशेजारी बघितली. वर्षभर बाटलीत बसलेल्या नदीच्या पाण्यात काय काय वाढतं ते मी तुम्हाला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवू शकते.

मी फक्त तुमच्याच धर्माला नावं ठेवते असा गैरसमज नको. माझ्या सासूबाई गंगेचा गडू देव्हाऱ्यात ठेवायच्या. त्या गेल्यावर तो मी तुळशीच्या कुंडीत ओतला. तुळशीला काही फरक पडला नाही.

ऋता अठरा वर्षांची झाली की तिला हवं ते करू दे. तोवर नाही.

शर्मिष्ठा देवस्थळी

---

गोराई,
२० फेब्रुवारी २०२४

शर्मिष्ठाबाई,

पत्र मिळालं. अक्षर फळ्यावरचं आहे, मजकूरही फळ्यावरचाच आहे. मी वॉर्ड ऑफिसात हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. तुमच्यासारख्यांच्या तक्रारी वाचतच म्हातारी झाले म्हणा. पार्ल्याच्या माणसाची तक्रार लांबून ओळखू यायची. गटार तुंबलंय एवढंच सांगायचं असायचं, पण तीन पानं, आणि शेवटी 'एक सुशिक्षित नागरिक'.

तुम्हाला वाटतं आम्ही पोराला विसळतो, बशी विसळतात तशी. ते साबणाचं काम नाही. आमच्या गावातली माणसं समुद्रावर जातात. पाणी काय असतं ते आम्हाला शिकायला कॉलेज लागत नाही. माझा एक काका पाण्यात गेला तो आलाच नाही. दुसऱ्याला लोकांनी धक्क्यापाशी केसाला धरून वर ओढला. माझ्या आजीने त्या दिवशी त्याला मांडीवर घेऊन पेज भरवली, मिशा फुटलेल्या माणसाला, कारण तिच्या लेखी तो त्या दिवशी जन्मला होता. स्नानसंस्कार तो आहे. माणूस पाण्यात मरतो आणि दुसऱ्याच्या हाताने वर येतो. वर आला की तो फक्त आईबापाचा राहत नाही. ख्रिस्ताचा होतो, आणि आमच्या सगळ्यांचा होतो. आणि पापाचं म्हणाल तर ऋताने केलेलं नाहीच ते. ज्या घाणीत आपण सगळे जन्माला येतो ती घाण. तुमच्या पत्रातही ती भरपूर आहे.

शिक्का नको म्हणता. मग नाव कुणी ठेवलं? माझ्या आईचं नाव इझाबेल. ब्रेंडनच्या मनात ते होतं. तुम्ही बारशाला पार्ल्याच्या हॉलमध्ये हटून बसलात की ऋताच, दुसरं काही नाही. गंधालीसुद्धा तुमच्याकडे बघत राहिली. ते शिक्का मारणं नव्हतं का?

आता मनात ठेवलेलं लिहून टाकते. मागच्या जुलैत पोर आठव्या महिन्यात जन्मली तेव्हा वाऱ्यामुळे बोट बंद होती. मी उत्तन-भाईंदरच्या रस्त्याने फिरून बोरिवलीला पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. गंधाली ऑपरेशनच्या गुंगीत. पोर काचेच्या पेटीत. ब्रेंडन रक्त आणायला धावला, आणि जायच्या आधी त्याने तुम्हाला हात जोडून सांगितलं की आई, मी यायच्या आत काही झालं तर तिच्या डोक्यावर थोडं पाणी घाला आणि एवढे शब्द म्हणा. तुम्ही काय म्हणालात? 'मी असल्या थोतांडात पडत नाही.' ओंजळभर पाणी, चहा करताना सांडतं तेवढं. पोर वाचली ती देवाची कृपा, तुमची नाही.

त्या दिवसापासून मी तुमच्या हातचा चहा घेत नाही. तुमच्या लक्षात आलं असेल. मला डायबेटिस नाही.

हिल्डा मिस्किटा

---

विलेपार्ले,
२७ फेब्रुवारी २०२४

हिल्डाबाई,

चहाचा खुलासा केलात ते बरं केलंत. मी सहा महिने तुमच्यासाठी बिनसाखरेची बिस्किटं आणत होते. ती लाकडासारखी लागतात आणि महाग असतात. आता एक खर्च वाचला.

हॉस्पिटलबद्दल मी काहीही लिहिणार नाही. ब्रेंडनने तुम्हाला सांगितले ते शब्द माझेच होते, ते त्याने बरोबर लक्षात ठेवले आहेत.

बुडून वर येण्याचं तुमचं वर्णन वाईट नव्हतं. तुमच्या फादरच्या प्रवचनात एवढं नसेल. पण तुमच्या काकाला वर ओढणाऱ्या माणसाने तोंडाने काही म्हटलं होतं का? त्याने केस धरले आणि ओढलं. मंत्र न म्हणता वाचवता येतं याचा पुरावा तुम्हीच घरातून दिलात, आणि मलाच शहाणपण शिकवता. आमच्यात याला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात.

असो. माझ्या काही शंका आहेत. शिक्षक असल्यामुळे शंका राहिली तर मला जेवण जात नाही. समजा एखाद्या माणसाला तुमचा देव मान्य नाही, कुठलाच मान्य नाही, आणि त्याने असं पाणी घातलं. ते तुमच्याकडे धरतात का? की फादरच हवा? आमच्याकडे भटजीशिवाय पान हलत नाही आणि भटजी दक्षिणेशिवाय हलत नाही, म्हणून विचारते. आणि चुकून दोनदा झालं तर काय? दुप्पट पुण्य, की नुसतीच सर्दी?

उत्तर आलं तर वाचेन.

शर्मिष्ठा

---

गोराई,
५ मार्च २०२४

शर्मिष्ठाबाई,

ही शंका नाही, खोडी आहे. मला कळत नाही असं समजू नका. तरी उत्तर देते, निदान जेवाल तरी.

फादर लागतो तो एरवी. पण मरायला टेकलेल्या जिवाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. नर्स, वॉर्डबॉय, हिंदू, मुसलमान, अगदी तुम्हीसुद्धा. पाणी डोक्यावरून वाहायला हवं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते असं म्हणायला हवं. आणि चर्च जे करतं तेच मला करायचं आहे, एवढं मनात हवं. घालणाऱ्याची श्रद्धा कुणी विचारत नाही, कारण देणारा तो नसतोच. पोस्टमन पत्र घरी आणून देतो, त्यात काय लिहिलंय ते त्याला पटायची गरज नसते. म्हणूनच तर माझा तुमच्यावर राग आहे. तुमच्याकडे श्रद्धा कुणी मागितलीच नव्हती. नुसता हात मागितला होता, तोही तुम्ही दिला नाहीत.

दोनदा होत नाही. एकदा झालं की झालं. पुसता येत नाही आणि पुन्हा करता येत नाही. माहीत असून पुन्हा करणं ही देवाची चेष्टा आहे, मोठं पाप आहे. तुम्ही त्यावर सर्दीचा विनोद केलात. तुमच्या घरी सगळे असेच बोलतात की तुम्हालाच हौस आहे?

तयारी झाली आहे. सात एप्रिलचा रविवार. माझ्या आईने शिवलेला पांढरा झगा मी पेटीतून काढून धुऊन उन्हात घातला. ब्रेंडनला त्यातच नेलं होतं, मलाही. माझी भाची शेरिल गॉडमदर व्हायला बहारीनहून येणार आहे. उत्तन, मनोरी, सगळीकडची माणसं येतील. तळायच्या गोल फुग्यांचं पीठ शेजारच्या बायका मिळून मळणार. तुम्हाला फुगे आवडतात हे मी बघितलं आहे, मागे हळूच तीन-चार पर्समध्ये टाकलेत.

फादर लेस्लींनी शनिवारी ब्रेंडनला आणि गंधालीला बोलावलं आहे. त्यांची पंधरा मिनिटांची भेट झाली की तुमचा विरोध संपला. यायचं तर या. नाही आलात तर बाकं रिकामी राहणार नाहीत.

हिल्डा

---

विलेपार्ले,
११ मार्च २०२४

हिल्डाबाई,

शनिवारी तुमच्या फादरनी दोघांना विचारलं की मुलगी हॉस्पिटलात सीरियस होती, तेव्हा तिला कुणी बाप्तिस्मा दिला होता का. दोघं नाही म्हणाली. गंधालीने मला हे हसत सांगितलं. म्हणाली, आई, तू तिथे होतीस म्हटल्यावर प्रश्नच नव्हता.

दोघांचं उत्तर चुकलं आहे.

ब्रेंडनला मी जे म्हणाले ते म्हणाले. तो जिना उतरून गेला. थोड्या वेळाने ऋता निळी पडली. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, वडिलांना लवकर बोलवा. ते असं कधी म्हणतात हे सांगायला मला डॉक्टर लागत नाही. गंधालीला शुद्ध नव्हती. तुम्ही वाटेत कुठेतरी. त्या पोरीची जगात तेवढ्यापुरती मी एकटीच होते, आणि मला काहीही करता येत नव्हतं. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटलेली नाही.

मग मनात आलं की ब्रेंडन रक्ताची पिशवी घेऊन धावत येईल आणि त्याला दोन गोष्टी कळतील. पोरगी गेली, आणि त्याने मागितलेलं पाणीही तिला मिळालं नाही. माझ्या दृष्टीने ते पाणीच होतं. त्याच्या दृष्टीने नव्हतं. मूल त्याचंही होतं.

तिथे सपना नावाची सिस्टर होती. मी तिला पाणी मागितलं. तिने इंजेक्शनसाठी असतं ते निर्जंतुक पाणी सुई नसलेल्या सिरिंजमध्ये भरून दिलं आणि पेटीचं खिडकीसारखं दार उघडलं. मी ते डोक्यावर सोडलं, तीन वेळा, आणि शब्द म्हटले. मधेच कळलं की नाव घ्यावं लागतं. तिला नाव कुठे होतं? तोंडात आलं ते ऋता. सपना बौद्ध, मी काहीच नाही, आणि पेटीत तुमची ख्रिस्ती. बारशाला मी का हटून बसले होते ते आता कळलं असेल. तिचं नाव ठेवून झालं होतं.

नंतर ती गुलाबी झाली. त्याचा पाण्याशी संबंध नाही, नळी सरकली होती ती डॉक्टरांनी नीट बसवली. ब्रेंडनने मला काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही गोराईभर पेढे वाटले असते की पार्ल्याची प्रोफेसरीण शेवटी वठणीवर आली. ते मला सहन झालं नसतं. त्यापेक्षा तुमचा राग परवडला.

पण आता तुम्ही दोनशे माणसांसमोर दुसरा प्रयोग पहिला म्हणून दाखवणार आहात. असली फसवणूक मी विद्यार्थ्यांनाही करू दिलेली नाही. शिवाय तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ते मोठं पाप आहे. ते तुमच्या नावावर लागेल, माझ्या नाही, तरी कळवणं माझं काम होतं.

शर्मिष्ठा

---

गोराई,
१८ मार्च २०२४

शर्मिष्ठाबाई,

हेडक्लार्क नुसत्या अर्जावर विश्वास ठेवत नाही. मी बोरिवलीला नर्सिंग होममध्ये गेले. सपना अजून तिथेच आहे. म्हणाली, "हो ना मावशी, मीच सिरिंज भरून दिली. त्या मॅडमनी दोनदा विचारलं, पाणी गार तर नाही ना. पण शब्द एकदम क्लिअर बोलल्या." बाहेर येऊन मी रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसले. कुणीतरी मला पाणी आणून दिलं.

पहिल्यांदा मी देवाचे आभार मानले. ते खोटं नाही. पण घरी पोचेपर्यंत इतका संताप आला की जेवलेच नाही. तुम्ही सात महिने माझा तिरस्कार अंगावर घेऊन मजेत बसलात. मला रोज संध्याकाळी त्या पोरीसाठी रडत प्रार्थना करायला लावलीत, आणि तुम्हाला माहीत होतं. आणि वर मलाच विचारता, नास्तिकाने घातलेलं धरतात का. मी बावळटासारखी उत्तर लिहीत बसले.

आता कामाचं बोलते. फादर लेस्लींना मी सांगितलं. ते म्हणाले, त्या बाईंना माझ्याकडे पाठवा, मला त्यांनाच विचारावं लागेल. पाणी कसं घातलं, शब्द कोणते आणि मनात काय होतं. तिन्ही ठीक निघालं तर रविवारी पाणी घालणार नाहीत. तेल लावतील, झगा घालतील, मेणबत्ती देतील, पण पाणी नाही. मात्र शंका राहिली तर 'झाला नसेल तर' असं म्हणून पाणी घालता येतं.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. मी कुणाला विनंती करत नाही. तुम्ही फादरना सांगा की मनात काही नव्हतं. जावयाच्या समाधानासाठी आपलं असंच शिंपडलं. तुमच्यासारख्या बाईने असं म्हटलं तर कुणाला खोटं वाटणार नाही, उलट तेच सगळ्यांना खरं वाटेल. शेरिलचं तिकीट काढलेलं आहे. माणसं येणार आहेत. जॉर्डनची बाटली वर्षभर जपली आहे. ऋताच्या डोक्यावर पाणी पडताना मला बघायचं आहे. माझी ती एकुलती एक नात. एवढं करा. तुमचं त्यात काय जातं? तुम्ही तर मानतच नाही.

हिल्डा

---

विलेपार्ले,
२७ मार्च २०२४

हिल्डाबाई,

मी काल गोराईला आले तेव्हा तुम्ही फादरच्या ऑफिसबाहेर बाकावर बसला होतात. दार बंद होतं, त्यामुळे तुम्हाला आतलं काही ऐकू आलं नसणार. मी निघताना तुमच्याकडे बघितलंही नाही, म्हणून लिहिते.

आधी तुमच्या विनंतीबद्दल. पन्नास वर्षं मी सोवळ्यातल्या बायका बघितल्या, नवस बोलणाऱ्या बघितल्या, उपासाला साबुदाण्याचे वडे हाणणाऱ्या बघितल्या. पण आपल्याच देवाने केलेलं काम पाहुण्यांसाठी रद्द करून घ्यायला नास्तिकाला खोटं बोलायला सांगणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. कशासाठी, तर बाटली वर्षभर जपली म्हणून. तुम्ही मला पोस्टमनची गोष्ट सांगितलीत. आता पत्र पोचलं आहे, तर पोस्टमनला म्हणता की पोचलं नाही म्हणून सांग, आम्हाला ते समारंभात पुन्हा फोडायचं आहे. हिल्डाबाई, तुमच्या पाण्यावर तुमच्यापेक्षा माझाच जास्त विश्वास निघाला. याचं मला हसूही येत नाही.

फादर लेस्ली पोरगेलेसे आहेत. मला वाटलं होतं आता उपदेश करतील. त्यांनी फक्त विचारलं, पाणी वाहिलं का? मी म्हटलं, वाहिलं, कानामागून खाली चादरीवर आलं. शब्द विचारले, ते म्हणून दाखवले. मग म्हणाले, "पाणी घालताना तुमच्या मनात काय होतं?"

मी म्हटलं, "मला देव मान्य नाही."

"ते मी विचारलं नाही, मॅडम. तुम्हाला काय करायचं होतं ते विचारतोय."

मी घरून उत्तर तयार करून नेलं होतं. ते चांगलं होतं आणि त्यात तुमच्या चर्चची बरीच खरडपट्टी होती. ते काही आठवेना. मी म्हणाले, "ती मरत होती. तिने कुणाचीच नसताना जाऊ नये असं मला वाटलं. तिच्या बापाला तिला ज्याच्या हाती द्यायचं होतं, त्या तुमच्या चर्चच्या हाती मला तिला द्यायचं होतं. अर्धवट नाही. पुरतं."

त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "मग झालं," आणि चहा मागवला. चहा वाईट होता.

मी विचारलं, आता त्या मेणबत्तीच्या वेळी मी उभी राहायची का? तर म्हणाले, नाही, गॉडमदर व्हायला स्वतःचा बाप्तिस्मा झालेला लागतो. म्हणजे मी पोरीला ख्रिस्ती करायला चालते, तिची मेणबत्ती धरायला चालत नाही. तुमच्या धर्माचा कारभार तुमच्या वॉर्ड ऑफिससारखाच आहे.

ब्रेंडनला मी स्वतः सांगितलं. तो तिथल्या तिथे गुडघे टेकून माझ्या पायाशी वाकला. आमच्याकडेही आता कुणी वाकत नाही. मी त्याला म्हटलं, ऊठ, पँट मळेल. आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, हे त्याला माहीत नाही. तुम्ही सांगायचं नाही.

रविवारी येईन. मागे बसेन.

शर्मिष्ठा

---

गोराई,
१५ एप्रिल २०२४

शर्मिष्ठाबाई,

तुम्ही त्या रविवारी फुगे घेऊन लगेच बोटीने गेलात, बोलणं झालं नाही.

पाणी पडलं नाही. फादरनी कपाळाला तेल लावलं, झगा घातला, शेरिलने मेणबत्ती धरली. ऋता सगळा वेळ झग्याची लेस चघळत होती, माझ्या आईच्या हाताची. मी पहिल्या बाकावर होते आणि मला काहीच दिसत नव्हतं, डोळे भरले होते. त्यातला किती आनंद आणि किती दुसरं काही, ते मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

बाहेर आल्यावर बायकांनी घेरलंच. "काय गो हिल्डा, फादर पाणी घालायचं विसरला की काय?" खोटं बोलायची मला सोयच ठेवली नव्हतीत तुम्ही. मी सांगितलं, पाणी आधीच घातलंय. तिच्या आईच्या आईने. ती बघा, पिवळ्या साडीतली, मोबाईल बघत उभी आहे. उत्तनची माझी नणंद म्हणाली, "ती बामणीण? चेष्टा करतेस काय?" मी म्हटलं, मीच करत होते इतके दिवस. बाटलीतलं पाणी मी झेंडूला घातलं.

तुम्ही लिहिलंत ते मला लागलं. लागायलाच हवं होतं. मी खोटं मागितलं. पण तुम्ही आणखी एक गोष्ट ओळखली नाहीत, शहाण्या असून. बाटलीसाठी नव्हतं ते, माणसांसाठीही नव्हतं. त्या दुपारी मी जेट्टीवर उभी होते. समोर बोरिवली दिसत होतं, त्यातली कुठली इमारत त्याचा मी अंदाज करत होते. बोट सोडा म्हणून मी बोटवाल्याच्या पाया पडले. माझी नात तिथे मरत होती, आणि ते काम माझं होतं. पन्नास वर्षं रोज सकाळी चर्चला जाते ती मी. ते शब्द मला झोपेत येतात. आणि देवाने ते माझ्याकडून नाही करून घेतलं. तुमच्याकडून घेतलं. देव देव म्हणणाऱ्यांना हसणाऱ्या, गंगेचा गडू कुंडीत ओतणाऱ्या बाईकडून. रविवारी पुन्हा पाणी पडलं असतं तर मला म्हणता आलं असतं की खरं ते हे, ते तुमचं नाही.

तसं म्हणता येणार नाही. ऋताला स्वर्गाचं दार तुम्ही उघडून दिलंत आणि तुम्हाला स्वतःला ते दार असल्याचंच मान्य नाही. हे मला जन्मभर सलणार आहे. मला तुमचा हेवा वाटतो.

हेवा हे पाप आहे, म्हणून परवा शनिवारी मी कबुलीला गेले. फादर लेस्लींनी विचारलं, कुणाचा हेवा? मी तुमचं नाव सांगितलं. ते हसले. मी नाही.

हिल्डा